पाच टाक्यांचा मासा

"मासा राहू दे हो, एखादी जुनी चप्पल तरी लागू दे गळाला," बायको शिंप्याच्या कानाशी कुजबुजली. "काहीतरी वर आलं एवढं तरी दिसेल पोरीला."

सकाळी सातपासून तो तळ्याच्या काठावर पडद्याची दांडी धरून बसला होता. दांडीला जीन्स शिवायचा जाड दोरा, पाण्यावर तरंगायला बुचाच्या जागी रिकामं रीळ, टोकाला दुकानातून आणलेला गळ आणि गळाला पावाची गोळी. दोरा त्याने टेपने मोजून घेतला होता, वर दोन इंच 'शिलाईत जायला' म्हणून जास्तीचे ठेवले होते. सामानात नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच होती, की शिंप्याने जन्मात एकही मासा धरला नव्हता.

हे आजीला ठाऊक होतं, कारण ती त्याची आई. बायकोला ठाऊक होतं, कारण ती बायको. मामाला ठाऊक होतं, कारण त्याच्या बहिणीच्या पोटात काही राहत नसे. ठाऊक नव्हतं ते फक्त साडेपाच वर्षांच्या टिकलीला.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी एक गिऱ्हाईक मापं देता देता आपण धरलेल्या माशाची लांबी हात पसरून दाखवायला लागलं. टिकली तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिली. ते काही शिंप्याला सोसेना. "हात खाली घ्या, माप चुकतंय," तो म्हणाला आणि वर, "एवढाले मासे तर आम्ही लहानपणी रोज धरायचो."

टिकलीने ते शाळेत सांगितलं, जिन्यात सांगितलं, दूधवाल्याला थांबवून सांगितलं. आजीने मुकाट्याने बटणं लावली. बायकोने मशीन जोरात चालवलं. पोरीच्या डोळ्यांत बाप असा काही मोठा झाला होता, की त्याला उसवायला कुणाचा हात धजेना. शेवटी बाबांना मासा धरताना बघायचंच असा तिने हट्ट धरला आणि सगळं घर तळ्यावर आलं.

"बाबा, मासा आला?"

"निघालाय."

"कुठपर्यंत आलाय?"

"लांबून येत असेल गं," आजी घडीच्या खुर्चीतून म्हणाली. "डबाबिबा घेऊन निघाला असेल."

मासे येत नव्हते असं नाही. ते येत होते, पाव खात होते आणि हात धुवायला गेल्यासारखे निघून जात होते. दहा वाजले. टिकलीचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"उद्या शाळेत बाई विचारणार आहेत, किती मासे धरले," ती बारीक आवाजात म्हणाली.

शिंप्याने मामाकडे बघून भुवई उडवली. तळ्याच्या फाटकाशी एक बाई ताजे मासे विकायला बसली होती. मामा उठला. "भाऊजी, जरा पाय मोकळे करून येतो."

पाय मोकळे करून आलेल्या मामाच्या शर्टाचं पोट पुढे आलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. बायकोने टिकलीला बदकं दाखवायला नेलं. मामा झुडपाआड शिरला, दोन मिनिटं खुडबुड झाली आणि 'डुबुक' असा आवाज आला.

"टिकले! धाव! रीळ बुडलं!"

टिकलीने दांडी ओढली आणि वीतभर लांबीचा चकचकीत मासा काठावर येऊन पडला. आजीने टाळ्या वाजवल्या, मामा नाचला, शिंप्याचा ऊर भरून आला. मासा आपणच धरलाय असं क्षणभर त्यालाही वाटलं.

टिकलीने मासा उलटा केला.

"बाबा, हा आतून रिकामा आहे."

शिंप्याने मामाकडे पाहिलं.

"मासेवाली म्हणाली, साफ करून देऊ का," मामा ओठ न हलवता पुटपुटला. "मी सवयीने हो म्हणालो."

"लागलंय त्याला," बायको घाईघाईने म्हणाली. "दगडाला घासला असेल."

"नाही. सरळ कापलंय." शिंप्याची मुलगी ती, फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक तिला कोण शिकवणार? मग तिने मासा दोन्ही हातांनी उचलून बापापुढे धरला. "शिव ना."

शिंप्याने कॉलरमधली सुई काढली. सकाळपासून दांडीवर अवघडलेले हात सुई लागताच जागच्या जागी आले.

"कच्चा टाका घालू की तुरपाई?"

"तुरपाई. दिसायला नको."

शेजारचे दोघे गळ टाकून बसलेले गृहस्थ आपापल्या दांड्या सोडून बघायला आले. पाठोपाठ मासेवालीही आली. "अगं बाई, हा तर मघाशी माझ्या..."

"बसा हो, दमला असाल," म्हणत आजीने तिच्या हातात पाण्याची बाटली कोंबली.

पाच टाके पडले. शिंप्याने दोरा दाताने तोडला. टिकलीने मासा अलगद पाण्यात सोडला. "जा."

मासा कुशीवर वळला आणि तरंगत राहिला.

"दमलाय," आजी म्हणाली.

"भूल उतरायला वेळ लागतो," मामा म्हणाला.

"टाके ओले आहेत अजून," बायको म्हणाली.

शिंपी पुन्हा दांडी धरून पोरीच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघत होता. "टिकले, मी काय म्हणतो..."

"मेलेलाच होता तो," टिकली वळून म्हणाली. "मामाच्या शर्टातून शेपटी दिसत होती."

सगळ्यांना एकदम बदकं दिसायला लागली.

"मग शिवायला कशाला लावलंस गं?" आजीने विचारलं.

"मला बघायचं होतं." ती चिखलातून चालत शिंप्याजवळ आली आणि पडद्याच्या दांडीवरून त्याचा हात सोडवून तिने आपल्या हातात घेतला.

"बाबा, तुला मासे धरता येत नाहीत," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पण आमच्या वर्गात कुणाच्याच बाबांना मासा शिवता येत नाही."