मोरपंख एअरवेजची इर्जिक

मोरपंख एअरवेज ही कंपनी मुंबईत मोठी दिसायची आणि औरंगाबादला अकरा माणसांची असायची. ती अकराच्या अकरा माणसं त्या दुपारी चिकलठाण्याच्या विमानतळावर, सामानाच्या बंद पट्ट्याभोवती उभी होती आणि पट्ट्यावर एक कागद पडला होता. कागद मुंबईच्या साहेबांनी आणला होता. कंपनी तोट्यात आहे, ती तगवायची तर प्रत्येकानं रोज दोन तास बिनपगारी जादा काम करावं, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्यांच्या सह्या घेऊन साहेबांना संध्याकाळच्या विमानानं परतायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक तो कागद बँकेपुढं ठेवणार होते.

सुगंधाबाई विमान झाडायची. प्रवासी उतरले की झाडू घेऊन आत शिरायची आणि सीटच्या फटीतून शेंगांची टरफलं काढताना श्रीमंत माणसांविषयी बरंच काही शिकायची. सहाला तिची सुटी व्हायची आणि साडेसहाला शेंद्र्याची शेवटची यष्टी मिळायची. दोन तास जादा म्हणजे यष्टी गेली, आणि यष्टी गेली म्हणजे नोकरीही गेली, इतका तिचा हिशेब सरळ होता. ही नोकरी तिनं सासूशी चार महिने भांडून मिळवली होती आणि ती अशी कागदावर सोडून द्यायला तिचा जीव तयार नव्हता.

"सही करायची नाय," सामान चढवणारा केरबा म्हणाला. "संप करू. इमान तसंच उभं ऱ्हाऊ दे उन्हात."

"एकच तर विमान आहे कंपनीचं," काउंटरवरचे तात्यासाहेब म्हणाले. ते गंगापूरकडच्या मोठ्या घरातले होते, त्यामुळं विरोधसुद्धा शुद्ध भाषेत करायचे. "ते उभं राहिलं तर कंपनी बसेल. कंपनी बसली तर आपण कुठं उभं राहणार?"

"मंग काय फुकट मरायचं?"

"मरायचं नाही. थोडं सोसायचं."

"तुमचं बिऱ्हाड हितंच सायकलीच्या अंतरावर हाय तात्यासाहेब. तुम्ही सोसाल. ह्या सुगंधाबाईनं काय चालत जायाचं शेंद्र्याला?"

तास गेला. चहा दोनदा झाला. निम्मे लोक केरबाकडं, निम्मे तात्यासाहेबांकडं, आणि चहावाला बन्सी, जो कंपनीत नव्हताच, तो ज्याचा कप भरेल त्याच्याकडं होता. अखेर साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आवाज चढवला. "हे बघा, तुमच्या भागात लोक एकमेकांसाठी फुकट काम करतच नाहीत का कधी?"

"करत्यात की," सुगंधाबाई पटकन म्हणाली. "इर्जिकीला करत्यात."

"हां! मग तसंच समजा."

सुगंधाबाईनं साहेबांकडं नीट पाहिलं. माणूस शिकलेला होता, टाय लावलेला होता. त्याला इर्जिक माहीत नसेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. "इर्जिक म्हनून लिवून देता का? मंग माही सही घ्या. येक दिस घरी उशीर झालेला चालंल मला."

साहेबांना वाटलं, हा श्रमदानासारखाच एखादा गावठी शब्द असणार. त्यांनी लगेच पेन काढलं. तात्यासाहेबांना कागद अपुरा ठेवलेला खपत नसे. ते म्हणाले, "'स्थानिक रिवाजानुसार' हेही घाला साहेब. आणि 'रिवाज न पाळल्यास संमती रद्द' असं एक वाक्य. कागद पक्का होतो." साहेबांनी स्वतःच्या हातानं दोन्ही लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. मग अकरा सह्या अशा झरझर झाल्या की साहेबांना आपल्या समजावण्याच्या कलेचं कौतुक वाटलं.

त्या दिवशी विमान मुंबईतच अडकलं. साडेचारचं येणार ते सव्वासातला येईल आणि सव्वाआठला परत निघेल, असा निरोप आला. सहा वाजले. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "चला, आजपासूनच जादा कामाला सुरुवात!"

कुणी हललं नाही.

"काय झालं?"

"तुमच्यासाठी थांबलोय साहेब," केरबा म्हणाला. "इर्जिकीत पयला हात बोलवनाऱ्याचा लागतो."

"म्हणजे?"

मग तात्यासाहेबांनी समजावून सांगितलं. शेतात एखाद्याचं काम मागं पडलं की तो गावाला हाक मारतो. गाव येतं, दिवसभर राबतं, एक पैसा घेत नाही. मात्र बोलावणारा सगळ्यांच्या आधी कामाला लागतो आणि संध्याकाळी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो, गोडासकट. हे ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद पुन्हा वाचला. रिवाज न पाळल्यास संमती रद्द, हे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

"अकरा माणसांचं जेवण म्हणजे काही फार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी टाय खांद्यावर टाकला आणि सुगंधाबाईच्या हातून झाडू घेतला. मुंबईच्या साहेबाला वाकलेला पाहून बन्सीच्या हातातली किटली कलली.

हात मोकळे झाले तशी सुगंधाबाई धावत रस्त्यावर गेली. साडेसहाच्या यष्टीचा कंडक्टर रामकिसन ओळखीचा होता. "घरी सांगा," ती म्हणाली, "म्हनावं आज इमानतळावर इर्जिक हाय, उशीर व्हईल." एवढंच. यात तिची काय चूक?

पण शेंद्र्यात बाजरी सोंगून झाली होती आणि गाव रिकामं बसलं होतं. सुगंधाबाईची सासू दगडाबाई हिनं इर्जिक हा शब्द ऐकला आणि ती ओट्यावरून उठली. इर्जिकीची हाक आली आणि गेलो नाही, असं तिच्या हयातीत घडलं नव्हतं. हाक विमानाची आहे की वखराची, हे विचारायची गावात पद्धत नव्हती. सव्वासातला विमान उतरलं आणि त्याच सुमारास फाटकापुढं ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून पस्तीस माणसं उतरली, प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या.

"कुटं हाय काम?" दगडाबाईनं विचारलं.

फाटकावरचा हवालदार फकिरा कन्नडचा होता. त्याला इर्जिक कळत होती आणि कायदाही कळत होता. "मावशी, इमारतीत सोडता येत नाय. भाईर काय करायचं ते करा."

बाहेरही काम पुष्कळ होतं. बायकांनी आवार झाडून काढलं. पुरुषांनी रिक्षातून उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगा दारापर्यंत अशा उचलून नेल्या की एक शेठजी चोर समजून ओरडले आणि मग खुशीत हसले. आत केरबानं सामान भराभर चढवलं, कारण बाहेर गाव पाहत होतं. तात्यासाहेब काउंटर सोडून बॅगा ढकलायला आले. विमानात सुगंधाबाई आणि साहेब एका रांगेनं झाडत गेले. "साहेब, फटीत हात घाला, वरवर नको," असं ती तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा साहेबांनी ऐकलं.

साहेब घामाघूम होऊन बाहेर आले आणि त्यांना पस्तीस ताटं दिसली.

"हे कोण?"

"इर्जिकीला आल्यात," सुगंधाबाई म्हणाली. तीही चकित झाली होती, पण आलेल्या माणसांना परत पाठवायचं तिच्या मनातही आलं नाही. "आता यांना बी जेवू घालावं लागंल."

जालना रोडवरच्या ढाब्यावरून भाकरी, पिठलं, भात आणि जिलबी आली. साहेबांचा खिसा मोकळा झाला. पंगत गवतावर बसली आणि दगडाबाईनं बजावलं, "वाढायचं बी बोलवनाऱ्यानंच असतं, बाबा." साहेब जिलबीचं पातेलं घेऊन दुसऱ्या फेरीला निघाले. आपल्याला जिलबी आग्रहानं वाढता येते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. इतक्यात डोक्यावरून मोठा आवाज गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. बरोबर सव्वाआठ झाले होते आणि मोरपंखचं विमान, वर्षभरात पहिल्यांदा, सांगितलेल्या मिनिटाला उडालं होतं. साहेब मात्र खालीच होते.

पाच मिनिटांत मुंबईहून मालकांचा फोन आला. साहेबांनी पाकानं माखलेल्या हातानं रिसीव्हर धरला. मालक इतक्या मोठ्यानं बोलत होते की काउंटरभोवती जमलेल्या अकराही जणांना ऐकू येत होतं.

"विमान वेळेवर निघालं म्हणे! काय केलंत तुम्ही? ते जादा कामाचं कलम सगळ्या विमानतळांवर लावा!"

साहेब एकदम ताठ झाले. "मग सर, उद्या तुम्हाला इथं यावं लागेल."

"मी? कशाला?"

"पहिला हात बोलावणाऱ्याचा लागतो सर. आज मी तुमच्या वतीनं झाडलं. उद्या तुम्ही. नंतर जेवण, गोडासकट. आज पस्तीस माणसं आली होती, उद्या कन्नडहून जीप भरून येतील असं हवालदार म्हणतो. आमच्याकडचा रिवाज आहे हा."

मग मालकांचा आवाज बराच खाली आला. "ते कलम काढता येईल का?"

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि सुगंधाबाईकडं वळले. "काढायचं म्हणतात. काय सांगू?"

केरबानं तात्यासाहेबांचा हात पकडला आणि तात्यासाहेबांनी तो सोडवून घेतला नाही. सुगंधाबाईनं पदरानं तोंड पुसलं. यष्टी, नोकरी आणि सासूशी केलेलं चार महिन्यांचं भांडण, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तिला हसू आवरेना.

"काढा म्हनावं," ती म्हणाली. "आन् बँकेला कागद कशाला दाखवता? इमान येळंवर गेलं, ते दाखवा."

साहेबांनी हे वाक्य जसंच्या तसं मालकांना ऐकवलं, फक्त शेवटी 'सर' जोडलं. मग त्यांनी पट्ट्यावरचा कागद उचलला, कलमावर आडवी रेघ ओढली, आणि तात्यासाहेबांनी न विचारता शिक्का पुढं केला. केरबानं अशी आरोळी ठोकली की फकिरा हवालदार शिट्टी वाजवत आत धावला.

सगळं आवरून सुगंधाबाई ट्रॉलीजवळ आली. गाव आधीच चढून बसलं होतं आणि बातमी तिच्याआधी तिथं पोचली होती. दगडाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सरकून आपल्या शेजारची, ट्रॉलीच्या फाळक्याला पाठ टेकायची जागा सुनेला दिली.