बापू मिस्त्री आणि तुंबलेली मळणी

अडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी आमचे बापू मिस्त्री त्याच्या मालकाला झापायचे. पाना पिशवीतच राहायचा. "यंत्राला खायला घालायचं असतंय, कोंबायचं नसतंय," हे वाक्य तर कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात दिवसातून दहादा ऐकू यायचं. दुकान इंजिनांचं आणि मळणी यंत्रांचं. मी कारकून, ते फिटर.

एकदा हुपरीकडच्या एका आप्पांचा निरोप आला. यंत्र नवंकोरं, पण गहू घातला की तुंबतंय. आम्ही दोघे गेलो.

"तुमचं यंत्र बाद हाय. घेऊन जावा परत," आप्पा खळ्यावरूनच कडाडले.

"यंत्राचं मागनं बघू. आधी पेंढी दावा," बापू म्हणाले. त्यांनी पेंढी पिळली, एक काडी दाताखाली धरली. "ओली हाय. वाकतीय, तुटत न्हाय. आता चालू करा, कसं घालताय ते बघू द्या."

इंजिन सुरू झालं. रोजानं आलेली गंगूबाई बांधलेली पेंढी तशीच आडवी आत लोटत होती. पेंढी अडकली. ती दाबायला गंगूबाईनं कोपरापर्यंत हात आत घातला, तसं बापूंनी धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"कुणी सांगितलं हात घालायला?" ते ओरडले.

"मीच," आप्पा म्हणाले. "खोळंबा हुतोय."

"मग तुमचा हात घाला की. तिचा काय फुकटचा हाय?"

मला मान वर करवेना, कारण यंत्र विकताना पेंढी कशी घालायची हे आम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं.

बापूंनी यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळलेलं काड उपसलं, पट्टा ताणला, पेंढ्या उन्हात पसरायला लावल्या. तोंडाशी फळ्यांची लांब घसरण ठोकली, म्हणजे हात आत पोचूच नये. मग स्वतः उभे राहून दाखवलं: बंध सोडायचा, कणसं पुढं, पातळ थर. दुपारनंतर यंत्र एकदाही अडलं नाही.

निघताना गंगूबाईनं भाकरी-पिठलं पुढं केलं. "खाऊन जावा मिस्त्री. का घरात वाट बघत असत्याल?"

"कोण बघतंय? कुलूप हाय."

ते सावकाश जेवले. उठताना आप्पांना म्हणाले, "अडलं तर निरोप धाडा."

"धाडतो की."

बापू पिशवी खांद्याला अडकवून दोन पावलं चालले आणि थांबले. मागं न बघताच हळू आवाजात म्हणाले, "न्हाय अडलं तरी धाडा."