आर्डिसबाईंची सातव्या माणसाची मोहीम

आयोवा सुभ्यातील मौजे न्यू हार्लन येथे, शाळेच्या व्यायामगृहात, जानेवारी मासी, नाकातील केस गोठविणाऱ्या थंडीत, सायंकाळी सात वाजता जे युद्ध जाहले, त्याची हकीकत आम्ही कॉफीच्या पिंपापाशी उभे राहोन जैसी पाहिली तैसी लिहितो. पुढे दूरचित्रवाणीवरील कोणी विद्वान अन्यथा सांगेल तर त्याचे ऐकू नये, कारण तो विद्वान त्या समयी राजधानीच्या हॉटेलात सूप पीत बसला होता आणि न्यू हार्लन कोणत्या दिशेस आहे हे त्यास नकाशा देऊनही सांगता येणार नाही.

या मुलखाची चाल ऐसी की, डेमोक्रॅट पक्षाने राष्ट्राध्यक्षपदास कोण उभा करावा याचा पहिला कौल येथील शेतकरी देतात. तोही पेटीत गुपचूप चिठ्ठी टाकोन नव्हे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावयाचे आणि मग डोकी मोजावयाची. जमावाचे शेकडा पंधरा ज्या कोपऱ्यात भरत नाहीत तो कोपरा मोडला, आणि त्यातील माणसांनी निशाण गुंडाळोन दुसऱ्या सरदाराच्या पदरी जावे किंवा कोट चढवोन घरी जावे, आणि टिकलेल्या कोपऱ्यांनी आपल्या उमेदवाराच्या नावे परगण्याच्या अधिवेशनास प्रतिनिधी धाडावे, ऐसा कायदा आहे.

श्रीमती आर्डिसबाई व्हॅन झी, वय एकाहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे डाव चालविलेल्या, यांनी सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासोन ऐशा सहा मोहिमा केल्या आणि साही वेळा त्यांचा कोपरा मोडला. कारण बाईंची निष्ठा मध्यममार्गावर, आणि मध्यममार्गाचे वैगुण्य हे की तो सर्वांस पटतो परंतु त्याच्यासाठी थंडीत घराबाहेर कोणी पडत नाही. यंदा गव्हर्नर ट्रेडवे यांचे निशाण त्यांनी उचलिले. गव्हर्नरसाहेब ऑगस्टात जातीने बाईंच्या स्वयंपाकघरात आले, रुबार्ब नामे आंबट देठांच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, बाईंच्या शस्त्रक्रिया जाहलेल्या गुडघ्याची विचारपूस केली आणि मागाहून स्वहस्ते पत्र धाडिले, त्यात पुन्हा गुडघा. तेव्हापासोन बाईंची तत्त्वे पक्की जाहली. आरोग्यविमा, करपद्धती आणि परराष्ट्रनीती या बाबी त्यांनी पुढे सवडीने जुळवोन घेतल्या.

गनीम दोन. एका बाजूस सिनेटर क्विनलन यांची फौज, जुनी, अनुभवी, घडीच्या खुर्च्या घरून आणलेली, एकवीस असामी. तिच्या सेनापती मार्लिसबाई, या आर्डिसबाईंच्या सख्ख्या नणंद. दुसऱ्या बाजूस क्रांतिवाले, सोळा असामी, त्यांचे सरदार राजश्री जोनास पेन, शेळ्या पाळणारे, ऑरेगॉनाहून येऊन नऊ वर्षे जाहलेले आणि म्हणोन गावात अजून नवखे. बाईंचे यजमान, म्हणजे मार्लिसबाईंचे बंधू, रिपब्लिकन. ते त्याच समयी ग्रंथालयात आपल्या पक्षाच्या मोहिमेवर होते. त्या घरात चाळीस वर्षे मक्याच्या भावाखेरीज कशावरही वाद होत नाही, म्हणोन संसार टिकला.

मग सभापती लेलँड मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक, यांनी मोजणी केली. एकंदर चव्वेचाळीस. शेकडा पंधरा म्हणजे सहा पूर्णांक सहा दशांश, आणि सहा दशांश माणूस मिळत नसल्याने सात पाहिजेत, ऐसे त्यांनी फळ्यावर रीतीने मांडोन दाखविले. आर्डिसबाईंच्या कोपऱ्यात सहा. एका माणसावाचोन सातवी मोहीमही बुडणार, हे सहाही जणांस कळले, आणि त्यांतील दोघे आपल्या बुटांकडे पाहो लागले.

इतक्यात मार्लिसबाईंनी मैदानापलीकडून तोफ डागिली. "काय गं आर्डिस, सहाच? दर खेपेला तूच मेली हौसेनं निशाण घेऊन येतेस आणि दर खेपेला तूच गुंडाळतेस. ये इकडे, खुर्ची ठेवलीये तुला. गुडघा दुखत असेल."

"खुर्ची तुझ्या सिनेटरला दे," आर्डिसबाई म्हणाल्या. "बारा वर्षं तो बसूनच आहे, सवय मोडायला नको त्याची."

आता चव्वेचाळिसावा असामी राहिला. राजश्री डेल्बर्ट क्लॉसन, डुकरांचे मोठे खटले बाळगणारे, अविवाहित, स्वभावे ऐसे भिडस्त की गेले सहा महिने जो जो वकील दारी आला त्यास त्यास "विचार करण्यासारखं आहे" म्हणोन उत्तर देत आले, आणि तीनही फौजांनी त्यांस आपल्याच यादीत मांडिले होते. ते बास्केटबॉलच्या मैदानाच्या मध्यवर्तुळात टोपी हाती घेऊन उभे होते आणि कोणा एकाचे मन मोडावे लागणार या चिंतेने घामाघूम जाहले होते. मग तीनही फौजांनी त्यांजवर वेढा घातला आणि शेंगदाण्याच्या व चॉकलेटच्या वड्यांची ताटे तीन दिशांनी चालोन आली.

येथे गावाची एक रीत सांगणे प्राप्त आहे. न्यू हार्लनात कोणी काही देऊ केले असता भला माणूस दोन वेळा नको म्हणतो आणि तिसऱ्या वेळी घेतो. पहिल्यानेच घेईल तो हावरा, आणि तिसऱ्यानेही न घेईल त्याची प्रकृती ठीक नाही ऐसे समजोन लोक दुसरे दिवशी सूप घेऊन येतात.

प्रथम जोनास पेन चालोन गेले. त्यांनी बँका, बड्या कंपन्या, धनिकांची मिरास आणि येऊ घातलेली क्रांती यांवर अकरा मिनिटे भाषण केले आणि शेवटी आपल्या कोपऱ्यात येण्याचे आमंत्रण दिले.

"तुमचं बरोबर आहे," डेल्बर्ट म्हणाले. "पण नको, राहू द्या."

जोनास पेन यांस ते खरेच वाटले. ते खेद पावले आणि परत फिरले. नऊ वर्षांत या माणसास गावाने इतकेही शिकविले नाही, म्हणोन आम्हांस लाज वाटली.

मग मार्लिसबाई पुढे सरल्या, डेल्बर्टचा दंड धरिला आणि त्यांच्या मातुश्रींचे स्मरण करवोन आमंत्रण केले. "नको हो मार्लिसबाई," डेल्बर्ट म्हणाले, "तुमच्याकडे आधीच पुष्कळ माणसं आहेत. मी कशाला?"

दोन जाहले. आर्डिसबाई पलीकडे उभ्या राहोन बोटांवर मोजीत होत्या. पहिले दोन नकार कोणाच्या पदरी पडले यास महत्त्व नाही, तिसरी हाक कोणाची यास महत्त्व आहे, हे त्या पुरते ओळखोन होत्या. आणि मार्लिसबाईही याच गावच्या, त्यांनी तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला. मग आर्डिसबाईंनी, ज्या आवाजाने तीनशे मुलांस रांगेत उभे केले, तोच आवाज लाविला.

"मार्लिस! तुझ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत गं!"

त्या थंडीत गाडीची बॅटरी उतरणे ही पराभवाहून वाईट गोष्ट. अशी वर्दी ऐकोन न धावणे हे या मुलखात कोणास जमत नाही. मार्लिसबाई कोटाविना बाहेर धावल्या. दिवे खरोखर चालू होते किंवा कसे, याविषयी दोन्ही घराण्यांत आजतागायत मतभेद आहेत.

मग आर्डिसबाई दुखऱ्या गुडघ्याने मैदान ओलांडोन मध्यवर्तुळात आल्या. भाषण केले नाही, तत्त्वे सांगितली नाहीत.

"डेल्बर्ट, ये ना रे आमच्यात."

"बरं," डेल्बर्ट म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, "एवढा आग्रहच आहे तर."

सात! कोपऱ्यात जल्लोष जाहला. आधी क्रांतीने विचारिले होते ऐसी हरकत जोनास पेन यांनी घेतली, ती लेलँड मास्तरांनी फेटाळिली. आर्डिसबाईंनी डोळे पुसले. बत्तीस वर्षांत प्रथमच त्यांचा कोपरा उभा राहिला होता.

मास्तर कागदावर आकडा मांडणार तोच जोनास पेन यांनी आपला फोन वर केला आणि अडखळत वाचले की, गव्हर्नर ट्रेडवे यांनी इतर गावांचे निकाल पाहोन पाच मिनिटांपूर्वी शर्यतीतून माघार घेतली, समर्थकांचे आभार मानिले आणि ते विमानतळाकडे निघाले.

आर्डिसबाईंस फार लागले. न्यू हार्लनची मोजणी पुरी होईतो तरी थांबावयाचे होते, ऐसे त्यांच्या मनात आले, आणि ऑगस्टातले ते पत्र त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लाविले होते ते काढावे असेही आले. इतक्यात मार्लिसबाई भुवयांवर हिम घेऊन परतल्या, भांडावयास तोंड उघडले, वर्तमान ऐकिले आणि मिटले.

"अजून सही झालेली नाही, आर्डिसबाई," लेलँड मास्तर हळूच म्हणाले. "कोपरा बदलता येईल."

"ये गं," मार्लिसबाई म्हणाल्या, आणि या खेपेस त्यात टोमणा नव्हता. "तो गेला. आता कोणासाठी उभी राहतेस?"

आर्डिसबाईंनी आपल्या माणसांकडे पाहिले. बुटांकडे पाहणारे दोघे आता बाईंकडे पाहत होते. डेल्बर्ट टोपी चुरगाळीत म्हणाले, "मी तर आता हो म्हणून बसलोय."

"गव्हर्नर गेला," आर्डिसबाई म्हणाल्या. "हे सात इथंच आहेत. लेलँड, लिही. सात."

मास्तरांनी लिहिले आणि सही केली.

येणेप्रमाणे धनी रण सोडोन गेल्यावर गड सर जाहला. एक प्रतिनिधी पदरी पडला, त्या स्वतः आर्डिसबाई. आणि मार्च मासी परगण्याच्या अधिवेशनास त्या पोहोचल्या, तेव्हा या नावाचा उमेदवार यादीत नाही ऐसे कारकुनाने कळविले. बाईंनी हुकूम केला की, नाव हाताने लिहावे. कारकुनाने समजूत घातली, नियम दाखविले, मागे रांग खोळंबली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्याने यादीच्या तळाशी हाताने लिहिले, न्यू हार्लन, ट्रेडवे, एक. ती यादी परगण्याच्या दप्तरी आहे, ज्यास संशय असेल त्याने जाऊन पाहावी.