आप्पांच्या तळ्यातल्या ताई

आमचे शेजारी आप्पा माशांना नात्यानं हाक मारतात. मासा लहान असला तर ‘दादा’, चांगला मोठा झाला की ‘ताई’. मासा तोच असतो.

यात आप्पांचा विक्षिप्तपणा निम्माच. जिताडा हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, अंगानं भरला की, मादी होतो. आप्पांनी कोकणातून त्याची पिल्लं आणून फुलंब्रीच्या आपल्या शेततळ्यात सोडली. विकायला नाही, खायला तर नाहीच. आप्पांच्या घरात अंडंही येत नाही. मादी झाली हे कसं ओळखलं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “वयात आलेल्या बाईबद्दल असं विचारतात का रे?”

ताई झाल्या, आता लेकरं होणार, म्हणून आप्पा वाट बघत बसले. आमच्या पडेगावात सगळ्यांना बारशाचं तोंडी निमंत्रणही गेलं. पण तळ्यात एक पिल्लू दिसेना. शेवटी मत्स्य खात्यातल्या एका माणसानं समजावलं, की जिताडा गोड्या पाण्यात जगतो, वाढतो, पण अंडी घालायला त्याला समुद्राजवळचं खारं पाणीच लागतं.

“म्हणजे बाळंतपण माहेरीच,” आप्पा म्हणाले. “रीत आहे ती.”

पुढच्या रविवारी खड्या मिठाची दोन पोती माझ्या स्कूटरवर होती. उपयोग नाही हे कळत असून मी ती नेली. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. आप्पांनी पोती तळ्यात रिकामी केली, काठीनं ढवळलं, ओंजळभर पाणी चाखलं आणि खिन्नपणे म्हणाले, “अळणीच आहे की.”

त्याच दिवशी बांधावर बसून मी त्यांना माझ्या मुलीचं सांगितलं. ती पुण्याला असते, पहिलटकरीण. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. घरात बाईमाणूस नाही, तेव्हा तू सासरीच राहा, असं मी तिला सकाळी फोनवर सांगून टाकलं होतं. ती “बरं” म्हणाली, एवढंच. ते ‘बरं’ मला दिवसभर टोचत होतं.

आप्पांनी हातातली काठी बांधावर आडवी ठेवली.

“आमच्या शालूला मी हेच सांगितलं होतं,” ते म्हणाले. शालू त्यांची धाकटी बहीण. “आई गेलेली, माझं लग्न नाही. म्हटलं, मला काय जमणार? ती परत राहायला म्हणून आलीच नाही. येते, चहा घेते, जाते.”

मग कपडे झटकत उठले. “पोरीला बोलाव. नर असून काय काय जमतं ते बघू.”

मुलगी आली. डिंकाच्या लाडवांचा पहिला घाणा आप्पांनी करपवला, दुसरा दगडासारखा झाला, तिसरा मुलीनं मागून खाल्ला. बाळ झाल्यावर मालिशवाल्या मावशींना त्यांनी इतके प्रश्न विचारले, की मावशी मला म्हणाल्या, “दादा, बाळंतीण नेमकी कोण, पोरगी का आप्पा?” मी एकट्यानं यातलं काहीच निभावलं नसतं. किंबहुना सुरूही केलं नसतं.

तीन महिन्यांनी मुलगी बाळाला घेऊन निघाली, तेव्हा आप्पा दारात नारळ आणि तांदूळ घेऊन उभे होते. ओटी बायका भरतात. आपण भरावी का, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तांदळाचे दाणे बोटांतून गळत होते.

मुलीनं बाळ माझ्याकडं दिलं आणि ओढणी पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

आप्पांनी ओटी भरली. मान वर न करता म्हणाले, “सणावाराला येत जा. राहायला ये.”