तज्ज्ञांची कुंडी

घरामागे खाटेएवढी मातीची जागा होती आणि तिथे फरशी बसवायची, असं तज्ज्ञांनी एका रविवारी ठरवलं. (हे नाव त्यांना ऑफिसातल्यांनी चेष्टेने दिलेलं, त्यांनी ते मनापासून स्वीकारलं होतं.) फरशी झाली की स्कूटर सावलीत उभी राहणार, एवढाच विचार.

बायकोच्या शिलाई मशीनची खिडकी नेमकी त्या जागेवर उघडायची. तिथे भाजी लावायची, हे तिने लग्न झाल्यापासून मनाशी धरलेलं. फरशीचं ऐकून तिने मशीनवरचा पाय काढला.

"अहो, मग माझे टोमॅटो?"

"कुंडीत लाव! अगं, कुंडीसारखी सोय नाही. ऊन सरकलं, कुंडी सरकवली. पाऊस आला, आत घेतली. जमीन उचलून आत घेता येते का?"

"नाही. पण कशाला घ्यायची?"

तज्ज्ञांनी थेट पैजच लावली. तिने जमिनीत लावायचे, यांनी कुंड्यांत. ज्याचं एक झाड वजनाने जास्त टोमॅटो देईल, जागा त्याची. पंच सासरेबुवा. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या निकालावर कुणाची बोलायची टाप नव्हती.

गॅलरीत कुंड्यांची रांग लागली. सकाळी ऊन गॅलरीत, म्हणून कुंड्या गॅलरीत. संध्याकाळी ऊन जिन्यात, म्हणून कुंड्या जिन्यात. इतक्या बदल्या सरकारी नोकराच्याही होत नाहीत. दुपारची मात्र पंचाईत होती, कारण तेव्हा ऊन न्हाणीघराच्या खिडकीशी आणि तज्ज्ञ ऑफिसात. शेवटी ते साहेबांकडे रजा मागायला गेले.

"घरी कुणी आजारी आहे?"

"टोमॅटो, सर."

साहेबांनी काळजीपोटी लगेच रजा दिली. (काळजी टोमॅटोची नव्हती.)

एवढं करूनही रोपांनी माना टाकल्या. एक तेवढं कसंबसं तग धरून होतं. ते तज्ज्ञांनी मागच्या मातीत, नळाशेजारी, कुंडीसकट नेऊन ठेवलं. "तात्पुरतं! कुंडी कुठेही ठेवली तरी कुंडीच," असा खुलासा त्यांनी कुणी न विचारताच केला.

आणि ते झाड जे सुटलं! बघता बघता बायकोच्या झाडांच्या वर गेलं, टोमॅटोंनी लगडलं. तज्ज्ञ ऑफिसात खतावर व्याख्यानं देऊ लागले. कुंडी जागची हलवायची मात्र त्यांना हिंमत होईना. बायको शिवता शिवता खिडकीतून दोन्हीकडचे टोमॅटो नजरेने जोखायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

निकालाच्या दिवशी सासरेबुवा स्वतःचा तराजू घेऊन आले. तोलून झालं. त्यांनी लेकीकडे बघायचं टाळलं.

"जावईबापू, पारडं तुमचं जड आहे."

बायकोचे डोळे भरून आले. तज्ज्ञांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसतील तर ते तज्ज्ञ कसले?

"थांबा बाबा, खरी गंमत पुढेच आहे! हे झाड मी आता उचलून गॅलरीत नेतो. तिला म्हणावं, तिचं एखादं नेऊन दाखव!"

त्यांनी कुंडीला मिठी मारली. कुंडी हलेना. बाह्या सरसावल्या, दम धरला, तोंड टोमॅटोच्या रंगाचं झालं. कुंडी तशीच.

सासरेबुवा खाली वाकले आणि त्यांनी काठीने कुंडीखालची माती उकरली. कुंडीच्या भोकातून बोटाएवढं जाड मूळ निघून सरळ जमिनीत शिरलं होतं.

"अहो, हे झाड तुमच्या कुंडीत राहतच नाही. ते कधीच जमिनीत राहायला गेलंय. म्हणजे टोमॅटो सगळे जमिनीचेच. जागा मुलीची!"

बायकोने आनंदाने टाळी वाजवली. तज्ज्ञांना निकाल मान्य नव्हता. त्यांनी सगळा जोर लावून शेवटचा हिसका दिला. कट् असा आवाज आला.

"तुटलं मूळ!" ते ओरडले.

मूळ शाबूत होतं. आवाज त्यांच्या कमरेतून आला होता. ते वाकले होते तसेच राहिले, कुंडीला धरून.

मग बापलेकीने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना अलगद उचललं. दारापाशी आल्यावर बायको थबकली.

"बाबा, यांना उन्हात ठेवू की सावलीत?"

सासरेबुवांनी जावयाकडे नीट बघितलं.

"सावलीत ठेव. पाणी घाल. आणि आठवडाभर तरी जागचे हलवू नकोस."