तळ्याला चमचाभर तेल

माणसाला गार करायला बर्फ कशाला लागतो? चमचाभर खोबरेल पुरतं! हे मी क्षमाला अगदी छाती ठोकून सांगितलं आणि तिथूनच माझी वाट लागली.

क्षमा आणि मी कॉलेजात एकाच टेबलावर बेडूक फाडलेले. पुढे मी अंधेरीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालो आणि ती मालाडच्या शाळेत शिकवू लागली. लग्न आम्ही आपापसांत ठरवून टाकलं होतं. राहिले होते फक्त तिचे वडील, अण्णा. अण्णा कस्टममधून रिटायर झालेले. जन्म लोकांच्या पेट्या उघडून बघण्यात गेला, त्यामुळे आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. देवावरही नाही! सत्यनारायणाला गेले तर प्रसाद दोनदा घ्यायचे आणि कथेतल्या चुका काढायचे.

"अण्णा विचारत होते, मुलगा शिकवतो तरी काय?" क्षमा म्हणाली. "मी म्हटलं, पेशीभोवती चरबीचा पापुद्रा असतो, त्याबद्दल. तर म्हणाले, चरबीचं शिकायला कॉलेज कशाला? खाटीक आहे की!"

"रविवारी त्यांना बोरीवलीला माझ्या खोलीवर घेऊन ये. तळ्याकाठी प्रयोगच दाखवतो!"

"डोळ्यांना दिसेल असं दाखव हं. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाहीत. मग बस आयुष्यभर बेडूक फाडत. एकटाच!"

प्रयोग साधा होता. तेलाच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला पाण्याचा तिटकारा. त्यामुळे पाण्यावर तेल पडलं की हे रेणू डोकं पाण्यात खुपसून, शेपूट वर करून, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एकावर एक चढत नाहीत, नुसते पसरत जातात. चमचाभर तेल सबंध तळं व्यापतं आणि मग कितीही वारा सुटला तरी पाण्यावर लहर उठत नाही. जिवंत पेशीचा पापुद्रा अशाच रेणूंचा बनलेला असतो. एवढं दाखवलं की अण्णा खलास!

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मला शनिवारीच रंगीत तालीम करायची हुक्की आली. घरमालकीण जानकीकाकूंकडून वाटीभर खोबरेल मागून आणलं आणि संध्याकाळी वाडीमागच्या तळ्यावर गेलो. चैत्रातला वारा डोंगराकडून भणाणत होता. तळ्यावर लाटा उठत होत्या, काठाच्या दगडावर चुबूक चुबूक आपटत होत्या. मी चमचाभर तेल पाण्यावर ओतलं आणि उद्याचं भाषण घोकू लागलो. "डोकं पाण्यात, शेपूट वर! खांद्याला खांदा! सगळे ताठ उभे!"

आणि माझ्या पायापाशी पाणी निजलं.

पुस्तकात वाचणं वेगळं आणि पाहणं वेगळं. कोणीतरी पाण्यावरून तळहात फिरवत चालावं तसा तो गुळगुळीतपणा पुढे पुढे सरकत गेला. त्याच्या पलीकडे लाटा, अलीकडे एकही नाही. दगडावरचा चुबूक चुबूक आवाज बंद झाला. माझा सदरा वाऱ्याने फडफडत होता, माडाच्या झावळ्या पिंजून निघत होत्या आणि खाली पाणी मात्र ठार स्तब्ध. त्यात उलटा डोंगर दिसू लागला. उलटा मी दिसू लागलो. खरं सांगतो, मला भीती वाटली. शास्त्र सगळं पाठ होतं, तरी मी दोन पावलं मागे सरकलो.

तेवढ्यात मागे किंकाळी! जानकीकाकू! डोक्यावरचं धुण्याचं घमेलं टाकून त्या उभ्या होत्या.

"मास्तरांनू! तळ्यात कोणाक उभो केल्यात?"

"अहो काकू, ते नुसतं तेल..."

"डोकी पाण्यात नि शेपट्यो वर! माज्या कानान आयकलंय मी! माणसाक शेपूट असता? मगे तां कोण आसा?"

आणि धुणं तिथेच टाकून त्या पळाल्या!

दिवेलागणीला घरमालक गुणाजी माझ्या दारात हजर. एरवी हा माणूस भाड्यासाठी दारावर धडका मारायचा. आज चपला लांब काढून, हात जोडून उभा!

"मास्तरांनू, तुमी शिकलेली माणसां. पण आमची पोरां थंय न्हातत. आज त्येंका चमचो गावलो. उद्या काय मागतले?"

"गुणाजी, ते काही मागत नाहीत हो! ते नुसते उभे राहतात!"

"किती जण आसत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतोच. "मोजता यायचे नाहीत! एका चमच्यात अब्जावधी!"

गुणाजी मटकन उंबऱ्यावर बसला.

रविवारी दुपार कलल्यावर अण्णा आले. काळी टोपी, कोट, छत्री. मागून क्षमा. वारा कालच्यापेक्षा जोरात; कालचा तेलाचा पापुद्रा त्याने केव्हाच काठाला लोटला असणार. मी मनात म्हटलं, झकास! त्यांना तळ्याकडे नेताना माझं भाषण सुरूच होतं. "अण्णा, आधी पाण्यावरच्या लाटा नीट पाहून घ्या हं. मग मी तेल टाकीन आणि त्या..."

लाटाच नव्हत्या.

सबंध तळं आरशासारखं पडलेलं. काठावर अख्खी वाडी पाण्याकडे बघत बसलेली. पोरं चिडीचूप. प्रत्येकाच्या हातात वाटी, पळी, नाहीतर करवंटी. भुतांना चमचाभर तेल चालतं हे कळल्यावर घरटी तेल आलं होतं! पाण्याजवळ नारळ घेऊन गुणाजी उभा आणि गाऱ्हाणं चाललेलं.

"बा तळ्याच्या मालका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी एका आवाजात.

"आमच्या मास्तरांनी जे कोण उभे केल्यानी, डोकी पाण्यात, शेपट्यो वर..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका आज घराघरातसून तेल इला हा. तां गोड मानून घे आणि पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अण्णांनी भुवई उंचावली. "हे मास्तर म्हणजे कोण?"

सगळी बोटं माझ्याकडे वळली. लाटा असल्याशिवाय लाटा बसवून दाखवायच्या कशा? कुठेतरी कोपऱ्यात बिनतेलाचं पाणी उरलं असेल, या आशेने मी "आलोच हं अण्णा!" म्हणत तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला धावलो. तिथेही तेच! बोटभरसुद्धा पाणी हलत नव्हतं.

अण्णांनी इकडे तपासणी सुरू केली होती. त्यांनी छत्रीचं टोक पाण्यात बुडवलं. एक वलय उठलं आणि जागच्या जागी विरलं. दगड टाकला, तेच. मग ते पाण्यात बघायला वाकले आणि वाऱ्याने त्यांची टोपी उडवली. ती पाण्यावर पडली. आणि निघाली! ना लाट, ना हेलकावा. कोणीतरी तळहातावर घेऊन चालावं तशी ती टोपी सबंध तळं ओलांडून सरळ माझ्या दिशेने आली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली.

वारा माझ्याकडे वाहत होता, म्हणून आली. एवढंच. पण अख्खी वाडी टोपीकडे बघत राहिली. वाडीतली लहान पोरंसुद्धा श्वास धरून बसलेली. मग गुणाजी हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

खोलीवर आल्यावर क्षमाने चहा केला. अण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. टोपीतून तेल निथळत होतं.

"ह्यात मंत्रबिंत्र काही नाही ना?" त्यांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"छे हो! शुद्ध शास्त्र!" मी म्हणालो. बुडत्याला काडी मिळाली होती! "तळ्यावर ती एकच रांग होती अण्णा, कारण पाणी फक्त खाली होतं. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. म्हणून तिथे दोन रांगा! शेपटाला शेपूट लावून, डोकी आत नि बाहेर करून उभे! तुमच्या शरीरातल्या कणाकणाभोवती! आत्ता! ह्या क्षणी!"

अण्णांनी डाव्या खांद्यावरून हळूच मागे पाहिलं.

"आणि ते... करतात काय?"

"पहारा! कोणाला आत घ्यायचं, कोणाला अडवायचं, त्यांच्या हातात!"

"म्हणजे कस्टमच," अण्णा पुटपुटले. मग म्हणाले, "आणि त्यांनी रांग मोडली तर?"

"मग काय! आतलं सगळं बाहेर! माणूस खलास!" मी उत्साहाने टाळी वाजवली.

अण्णांनी एका हाताने कोटाची सगळी बटणं लावून घेतली. क्षमाने टेबलाखालून माझा पाय असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं सगळं. क्षमा गेली. आता मी आणि माझे बेडूक.

अण्णांनी बशी खाली ठेवली. घसा खाकरला. "वैशाखातला मुहूर्त बघू या," ते म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना! क्षमा तर पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, जिंकलो! शास्त्र जिंकलं! पेट्या उघडणाऱ्या माणसाने माझी पेटी उघडून पाहिली आणि पास केली!

निघताना अण्णांनी मला फाटकापाशी बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं. मग माझा हात घट्ट धरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"विद्याधरपंत, ते माझ्याभोवती दोन रांगांनी उभे आहेत ना... त्यांना तेवढं सांगाल का, मी हो म्हणालोय म्हणून?"

आता शास्त्राच्या शिक्षकाने काय करायला हवं होतं? दोन मिनिटं थांबून सगळं पुन्हा नीट समजावून सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण अण्णांच्या मागे उभ्या असलेल्या क्षमाने डोळे वटारले.

"सांगतो," मी म्हणालो.