पाहुणा गच्चीवर असताना

बेहेरेकाका पक्ष्यांचा हजेरीपट ठेवत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांसारखा नारळ त्यांनाही मिळाला. काकांनी वर एक कोरं मस्टर मागून घेतलं. त्यात डावीकडे नावं: दयाळ, बुलबुल, तांबट. तांबट दुपारभर टुकटुक करतो म्हणून त्याच्यापुढे 'जादा काम'. कोकिळेपुढे लाल शाईत शेरा, 'मुलं दुसऱ्याकडे ठेवते'. आणि थंडीत उत्तरेकडून येऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जाणारे सगळे 'प्रतिनियुक्तीवर'.

प्रतिनियुक्तीवरच्यांत लाडका एकच, पांढरा धोबी. शेपटी सतत वरखाली आपटणारा, चिमणीएवढा पक्षी. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वाहायची. तिथल्या ओलीवर तो ऑक्टोबरात हजर व्हायचा.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. नव्यानेच निघालेल्या एका कंप्युटर कंपनीत होतो, त्यामुळे मला सगळं येतं असा सोसायटीचा आणि माझाही समज होता. काकांचा हात थरथरायला लागल्यावर जिन्याखालच्या सोसायटीच्या फळ्यावर पक्ष्यांची नोंद लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका मार्चअखेरीला त्यांनी सांगितलं, "लिहा. पांढरा धोबी काल गेला. नोंद घ्यावी." मला ऑफिसची बस गाठायची होती. एक शब्द वाचवावा म्हणून मी 'पांढरा' गाळला.

संध्याकाळी परत येतो तो दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेबाई पिठलं-भाताचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या रामभाऊंकडे सांत्वनाला जाऊन आलेल्या. दार स्वतः रामभाऊंनीच उघडलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि डबा ठेवून घेतला. पुढे वर्षभर माझ्या शर्टांच्या कॉलरला इस्त्री झाली नाही. काका एवढंच म्हणाले, "तुमच्या कंप्युटरात विशेषणं बसत नाहीत वाटतं."

काकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला, तीही कंप्युटरमध्येच. पुढच्या वर्षी तिने ठरवलं की बाबांनी आता एकटं राहायचं नाही. काकांनी हुज्जत घातली नाही. फ्लॅट विकायला काढला, तो लगेच गेलाही. आयटीवाल्यांना तेव्हा भिंती दिसल्या की पुरे असायचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट आलं.

आणि धोबी जाईना. एक पाय ओढत चालायचा. बरोबरचे केव्हाच उडाले होते. काकांनी मुलीला कळवलं की पाहुणा घरात असताना यजमानानं कुलूप लावायचं नसतं. तिकीट बदललं. पुन्हा बदललं. शेवटी तिचा मला फोन आला. नवीन मालक सामान घेऊन दाराशी येतील, म्हणाली, आणि बाबा गच्चीवर बसलेले असतील. दादा, तुम्हीच काहीतरी करा.

मी केलं. रविवारी सकाळी टॉवेल घेऊन गच्चीवर गेलो आणि हुश् हुश् करत टाकीभोवती धावलो. पक्षी निवांत शेजारच्या गच्चीवर जाऊन बसला. मी शेवाळावरून घसरून पाण्यात बसलो. मान वर केली तर जिन्याच्या दारात काका, गळ्यात दुर्बीण.

मला वाटलं आता पुणेरी तडाखा बसणार. पण ते कठड्याला टेकले.

"हिच्या वेळी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आज काही होत नाही, घरी जाऊन आंघोळ करून या," ते म्हणाले. "मी आलो. आंघोळ केली. चहासुद्धा केला, अहो. आलं घालून."

धोबी परत आला आणि माझ्यापासून दोन हातांवर किडे टिपू लागला. मी ओल्या पायजम्यात तसाच बसून राहिलो.

"आधी मी निघालो होतो," काका म्हणाले. "ती नंतर."

तिसरं तिकीट मात्र बदलता आलं नाही. एप्रिल संपत आला होता, ताबा द्यायचा दिवस ठरला होता. त्या सकाळी मुलगी सामान रिक्षात लावत होती आणि पक्षी वर टाकीपाशीच होता. मी आधीच बघून आलो होतो. 'उडाला' म्हणून सांगायचं ठरवूनच खाली उतरलो, पण काकांनी काही विचारलंच नाही. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाले, "आज ऑफिस?"

"नाही," मी म्हणालो. होतं.

"मग ठीक."

रिक्षा स्वारगेटच्या दिशेला वळली तशी मी गच्चीवर गेलो. बादली उपडी करून टाकीशेजारी बसलो. ऊन चढायला लागलं होतं. पक्षी पाय ओढत आला, थांबला, आणि जिन्याच्या दाराकडे तोंड करून शेपटी आपटत राहिला.

कोणी ऐकत नाही ना, ते मी आधी बघून घेतलं.

"मंडईत गेलेत," मी त्याला सांगितलं. "येतील इतक्यात."